चिनी नमस्कार

सोलापूरला थंडी फार दिवस राहत नाही. मार्गशीर्षात येते, संक्रांतीपर्यंत जरा मिरवते आणि रथसप्तमी झाली की गाव उन्हाच्या ताब्यात देऊन निघून जाते. तेवढ्या दिवसांत लोकांना हुरडा खायचा असतो, सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला जायचं असतं, कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी बोलायच्या असतात. सगळ्यांना हे दिवस आवडतात. मला आवडत नाहीत. हवा कोरडी झाली, ओठ फुटायला लागले, की माझं डोकं फिरतं आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढतो. भाची म्हणते, "आत्या, वयानं होतं असं." वयानं होत नाही. विसाव्या वर्षापासून होतंय.

परवा तिनंच एक मासिक आणून माझ्यापुढे टाकलं. गुडघेदुखीवर काहीतरी आहे, म्हणाली. आत कुठल्याशा परदेशी बागेतलं चित्र होतं. पाच-सहा म्हातारी माणसं, गुडघे किंचित वाकलेले, एक हात पुढे, दुसरा कमरेशी. खाली ठळक अक्षरांत 'ताई ची'. एका डॉक्टरांनी फायदे लिहिले होते. तोल सुधारतो, म्हातारपणी माणूस पडत नाही. श्वास छातीत न अडकता पोटापर्यंत जातो. झोप लागते, सांधे मोकळे होतात, मन शांत राहतं. ह्या व्यायामाची निरनिराळी घराणी आहेत असंही होतं आणि त्यांची नावंही होती, मला न उच्चारता येणारी. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, चूक दिसल्याशिवाय डोळा पुढे सरकत नाही. चित्रातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा खांदा वर चढला होता. तो सैल हवा. हे मला कुठून कळलं ते भाचीला माहीत नाही, आणि विचारायचं तिला सुचलंही नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमचे हे एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. बाळीवेशीजवळच्या एका बोळात गौरक्कांच्या घरी माडीवर आम्ही भाड्यानं राहायचो. हे, मी आणि सासूबाई. गौरक्का घरमालकीण, नवऱ्याची धान्याची आडत. त्या घरात कानडी बोलत, बोळात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम.

ह्यांना दमा होता. लग्न ठरवताना तो सांगितला नव्हता, "थोडा खोकला आहे" एवढंच सांगितलं होतं. थंडी पडली की उजाडायच्या सुमाराला हे उठून बसायचे. दोन्ही मुठी गादीत रोवलेल्या, खांदे कानांपर्यंत चढलेले, मान ताणलेली. बाहेर मिलचा भोंगा आणि घरात ह्यांची छाती, दोन्ही एकाच वेळी वाजायचे. सासूबाई अडुळशाचा काढा उकळायच्या. मी शेगडी फुंकत बसायची. आता सगळे गेलेत तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मला त्यांची कीव यायची नाही, राग यायचा. मी वैरागची. माझे तिन्ही भाऊ तालमीत वाढलेले, जोर मारून घामाने जमीन ओली करणारे. पुरुष म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं होतं. आणि माझ्या वाट्याला आला तो जिना चढून आला की उंबऱ्यावर बसायचा.

ती वर्षंही तशीच होती. सगळ्या गावाला व्यायामाचं वेड लागलं होतं. ज्याला त्याला छाती काढून चालायचं होतं. शाळेत मुलांना नमस्कार घालायला लावत, आणि कोण किती घालतो ते फळ्यावर लिहीत. शाळेचे ड्रिलमास्तर आमच्या समोरच राहायचे. त्यांनी ह्यांना दोनदा पहाटे उठवून नेलं होतं. पहिल्या दिवशी अकराव्या नमस्काराला हे ओणवे झाले ते खोकतच राहिले. दुसऱ्या दिवशी सातव्यालाच. ड्रिलमास्तर सासूबाईंना सांगून गेले, "दमा वगैरे काही नाही हो. आळस आहे. घाम काढला की जाईल." घाम हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. सासूबाईंनी ऐकलं, आणि मीही ऐकलं.

चिनी माणूस आला तो दिवाळीनंतर. पाठीवर रेशमी कापडाचं भलंमोठं गाठोडं, हातात लोखंडी गज, पायात कापडी बूट. गड्डा आटोपेपर्यंत सोलापुरात कापड विकायचं म्हणून त्यानं गौरक्कांची मागची खोली घेतली. त्याचं खरं नाव त्यानं सांगितलं होतं, पण कुणी ते लक्षात ठेवलं नाही. गौरक्कांनी त्याला चिन्नप्पा केलं आणि तेच चाललं. तो काय खातो ह्याची चौकशी बोळानं पहिल्या दिवशीच सुरू केली. पोरं त्याच्या मागून डोळे ओढून चालायची. मोठी माणसं पोरांना दटावायची आणि तोंड फिरवून हसायची. तो वरण-भात खायचा. त्यामुळं लोकांची जरा निराशा झाली.

उजाडलं की तो मागच्या अंगणात आडाशेजारी उभा राहायचा आणि हात हलवायला लागायचा. हलवायला म्हणजे काय, हौदातलं पाणी गढूळ न करता हात फिरवावा तसं. एक पाय उचलायचा, तो जमिनीला टेकायच्या आधी माझी एक भाकरी थापून व्हायची. हे खिडकीत बसून खोकत असत, आणि खोकता खोकता बघत असत. आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी खाली उतरले.

चिन्नप्पा कुणी साधुपुरुष नव्हता, हे आधीच सांगते. लोकांना असल्या गोष्टीत साधुपुरुष लागतो. तो कापड मापताना गजाला बोट लावणारा साधा फेरीवाला होता. शिकवायची त्याला हौसही नव्हती. ह्यांनी विचारलं, हे कुठं शिकलात, तर म्हणाला, "चाचा सिखाया. कंधा ऊपर, तो छडी. घुटना सीधा, तो छडी." आणि हसून पोटरीवरचे वळ दाखवले. ह्यांना मात्र तो छडी न लावता शिकवायचा. पहिले पंधरा दिवस नुसतं उभं केलं. गुडघे वाकवून, जीभ टाळूला लावून, श्वास पोटात सोडत. "जोर नै, मास्टर. जोर छोडो." आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी जोर लाव म्हणून सांगितलं, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते मला आत्ता कळतं.

हे रंग-रेषांचे माणूस, त्यांना त्यात चित्र दिसायचं. जेवताना सांगायचे. चिन्नप्पाच्या गावाकडे ह्याची गायनासारखी घराणी आहेत म्हणे. सगळ्यात जुन्यात संथ चालता चालता मध्येच पाय आपटतात, उडी घेतात. दुसऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लय, हात लांब, पाऊल मोठं. चिन्नप्पाचं ते. तिसऱ्यात पाऊल इतकं लहान की माणूस उभाच आहे असं पाहणाऱ्याला वाटावं. मी म्हणाले, "मग तुम्ही तिसऱ्यातलंच शिका. कुणाला दिसणार तरी नाही." हे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

गौरक्का अंगणात पाणी ओढता ओढता विचारायच्या, "मास्तर, ह्यात घाम कुटं हाय हो? आमचा बैल बी ह्याच्यापेक्षा जोरात वळतो की." पण त्यांच्या बोलण्यात काटा नसायचा. दुसऱ्या दमात त्याच म्हणायच्या, "खोकला लई कमी ऐकू येतोय बगा आता."

तो कमी झालाच होता. मी मान्य करत नव्हते इतकंच. पौष लागला तेव्हा हे आडवे होऊन झोपत होते. त्याआधी मी त्यांना कधी सपाट झोपलेलं पाहिलं नव्हतं. एक अख्खी भाकरी खाऊन दुसरीतली चतकोर मागत होते. जिना न थांबता चढत होते. एकदा चढताना गुणगुणत होते, तर सासूबाई दचकून बाहेर आल्या. आणि चालणं बदललं होतं. पूर्वी रस्त्यानं जाताना भिंतीच्या कडेकडेनं जायचे, आता मधून जायला लागले. डॉक्टरांनी त्या मासिकात जे जे छापलंय, ते मी आमच्या माडीवर एकेक करून घडताना पाहिलं आहे.

सासूबाईंचा वेगळाच घोळ होता. पहाटेची वेळ, पूर्वेला तोंड, हात जोडल्यासारखे, म्हणजे हे नमस्कारच, अशी त्यांची समजूत. चिनी पद्धतीचे का असेनात. बोळानंही तेच नाव उचललं. रोज त्या विचारायच्या, "आज किती झाले रे?"

"मोजायचे नसतात आई."

"न मोजता घातलेले सूर्याला पोचतात होय? संकल्प तरी काय सोडतोस?"

शेवटी ह्यांनी कंटाळून "बारा" म्हणून टाकलं. त्या दिवसापासून सासूबाई शेजारणींना अभिमानानं सांगायच्या, आमचा बारा चिनी नमस्कार घालतो. शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. मी जमिनीत गडप व्हायची राहिले होते.

संक्रांतीच्या आधी चिन्नप्पानं ह्यांना सांगितलं की आता मोकळ्यावर कर. अंगणात आडाची ओल आहे. मग हे शिडी चढून सपाट छपरावर, माळवदावर करायला लागले. झालं. आजूबाजूची सगळी माळवदं एकमेकांना लागून, थंडीच्या सकाळी सगळा बोळ उन्हाला वर आलेला. पहिल्याच दिवशी समोरून ड्रिलमास्तर ओरडून बोलले, "काय मास्तर, माश्या हाकलताय का?" शाळेतल्या मुलांनी ते उचललं. हे वर्गात फळ्यावर चित्र काढायला वळले की मागं सगळा वर्ग हात फिरवायला लागायचा. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "दोघा-तिघांचं बरं जमतं."

मी रोज गरम पाण्याचा तांब्या घेऊन शिडी चढायची. वरच्या पायरीवर थांबायची, डोकं तेवढं माळवदाच्या वर. त्यांचं संपेपर्यंत थांबायची. पाणी द्यायला थांबत होते, असं मी स्वतःलाही सांगत होते. चाळीसेक हालचाली होत्या, एकीतून दुसरी निघणाऱ्या. मध्यावर सगळं अंग मागं वळवायचं. वळले की त्यांचं तोंड माझ्याकडे यायचं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काही नसायचं, दुखणं नाही, काळजी नाही. मला तो चेहरा आवडायचा. इतका आवडायचा की खाली उतरून मी सासूबाईंशी उगाच भांडायची.

रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका, खाली अंथरलेली घोंगडी, तिळाच्या वड्या, बोरं. वाण लुटून झालं आणि गप्पांना रंग चढला. ड्रिलमास्तरीणबाईंनी विषय काढला. "काय हो, तुमच्याकडचे चिनी नमस्कार आम्हाला लांबूनच दिसतात. जवळून कसे असतात ते तरी दाखवा." सगळ्या हसल्या. सासूबाईंनी गंभीरपणे सांगितलं, "बारा घालतो रोज." त्यावर तर हसून हसून काहीजणींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या हसत होत्या मला. अशा वेळी माणसाला दोनच वाटा असतात. हसणाऱ्यांच्या समोर बसायचं किंवा त्यांच्यात जाऊन बसायचं. मी पदर खोचला आणि उभी राहिले. गुडघे वाकवले, जीभ बाहेर काढली, डोळे बोटांनी ओढले आणि सुरू केलं. बायका लोळायला लागल्या. त्या जितक्या हसत तितका मला चेव चढत होता. गंमत अशी की मला सगळं येत होतं. प्रत्येक हात, प्रत्येक पाऊल, जिथलं तिथं. वर मी खोकल्याची उबळही घातली, मध्ये मध्ये, ह्यांच्यासारखीच शीळ घालून. तीही हुबेहूब जमली.

मध्यावर आले आणि वळले. हे दारात उभे होते. अर्ध्या दिवसाची शाळा सुटून आलेले, हातात जोडे. किती वेळ उभे होते कोण जाणे. गौरक्का एकट्याच हसत नव्हत्या, त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, बस कर. मी थांबले नाही. पुढच्या दोन हालचाली केल्या, खोकल्यासकट. मग बायकांच्या लक्षात आलं आणि एकदम सगळ्यांना घरची कामं आठवली.

संध्याकाळी घोंगडी झाडताना मी म्हणाले, "थट्टा होती ती."

"माहीत आहे," हे म्हणाले. घोंगडीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "छान करतेस. खांदे तेवढे सैल सोड."

ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी पाणी तापवलं, पण शिडी वाजली नाही. तिसऱ्या दिवशी तापवलंच नाही.

गड्डा आटोपला तरी राहिलेला चिन्नप्पा फाल्गुनात गेला. धुळवडीच्या दिवशी कुणीतरी त्याच्या उघड्या गाठोड्यावर शेणकाल्याची बादली ओतली. कुणी, ते सगळ्या बोळाला माहीत होतं. तो आडाशी बसून दिवसभर ताग्यामागून तागा धूत होता. गौरक्का दारात उभ्या राहून दोन्ही भाषांत सगळ्या बोळाचा उद्धार करत होत्या. मी पाणी भरायला उतरले तेव्हा त्यानं मान न उचलता विचारलं, "मास्टर का बंद?"

"टाइम नहीं मिलता," मी म्हणाले.

"सांस को टाइम नै?" एवढंच म्हणाला आणि पुन्हा कापड पिळायला लागला. दोन दिवसांनी खोली रिकामी होती.

मग उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. ड्रिलमास्तरांनी पुन्हा ह्यांना घामाचा उपाय सुरू केला, आणि ह्या वेळी हे नाही म्हणाले नाहीत. नवरात्रापर्यंत गालफडं वर आली. पुढच्या पौषात, संक्रांतीच्या आधीच, हे गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीपासूनच गेलेली होती, कशानंच फरक पडला नसता. मी डॉक्टरांचं ते वाक्य पुष्कळ वर्षं जपून वापरलं. भावांनी मला पुण्याला शिकायला ठेवलं, मी मास्तरीण होऊन ह्याच गावात परत आले. त्यानंतर कुणी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्यामुळं नक्कल करायची वेळ पुन्हा आली नाही. हे सगळं मी सांगू शकते. बोळातल्या बायका हसल्या, पोरं हसली, ड्रिलमास्तर हसले, त्यात एक मीही. एकोणीस वर्षांची पोर, तिला काय कळत होतं, असं कुणीही म्हणेल. रथसप्तमीचं मी स्वतःला कधीच माफ करून टाकलंय.

पण हे जाण्याआधीच्या मार्गशीर्षातली एक सकाळ आहे. हवा आत्ताच्यासारखीच कोरडी होती. शिडी वाजली, एकेका पायरीला थांबत. मी पाणी तापवलं आणि मागोमाग गेले. हे पूर्वेला तोंड करून उभे होते. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. सुरू केलं. मध्यापर्यंत नीट आले, वळले, आणि हात तसेच हवेत राहिले. पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा वळणावर अडकले. एकदा सुटलं की ते मधूनच धरता येत नाही, आणि ज्याला विचारावं तो गाव सोडून गेलेला.

"पुढं काय गं?" हे म्हणाले. दम लागला होता. "तुला येतं. त्या दिवशी वळल्यावर तू पुढची दोन केली होतीस. मी पाहिली."

समोरच्या माळवदावर ड्रिलमास्तरीणबाई ऊन खात बसल्या होत्या. खाली सासूबाई कान देऊन होत्या. करून दाखवायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत, न हसता, खरं करायचं. आणि गेल्या हिवाळ्यात मी नुसतं पाणी द्यायला म्हणून वर येत नव्हते, हे त्यांना कळू द्यायचं.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी आपली उगाच हात हलवत होते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय नव्हता. "खरंच की," म्हणाले, "तुला कसं माहीत असणार," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी आणखी सावकाश, हातांना आपोआप आठवेल म्हणून. वळणाशी आले, वळले, माझ्याकडे तोंड करून थांबले. दोन्ही हात छातीशी आणून डावा पाय पुढे टाकायचा होता. मी तांब्या त्यांच्या पायाशी ठेवला आणि शिडी उतरले.